बर्फावरची कुत्री आणि बदलापूरचं मटण

मी पुस्तकांना उलट उत्तरं देते.

छापील पुस्तकांना नव्हे, ती बिचारी निमूट पडून असतात. माझं भांडण आहे ते कानात बोलणाऱ्या पुस्तकांशी. शाळेतून निवृत्त झाले, डोळे दुखायला लागले, तेव्हा माझ्या लेकीने, प्रज्ञाने, फोनवर ऐकायची पुस्तकं घालून दिली आणि कानात घालायची वाटाण्याएवढी बिनवायरची बटणं आणली. कथा-कादंबऱ्या मला नकोत. मला खरीखुरी, माहितीची पुस्तकं लागतात. आणि समोरचा खरं बोलतोय म्हटल्यावर आपण गप्प कसं बसायचं?

झोपेवरच्या पुस्तकातला डॉक्टर म्हणाला, पहाटेची झोप मोडू नका. "मग तुम्ही या आमच्याकडे पाणी भरायला!" मी भाजी निवडता निवडता त्याला सुनावलं. साखरेवरचं पुस्तक ऐकत उल्हासनगरला साडी घ्यायला गेले. "किती लुबाडाल लोकांना? लाज नाही वाटत?" हे मी साखर कारखानदारांना म्हटलं हो! पण समोरचा सिंधी शेठ दचकला. "भाभीजी, गुस्सा मत करो, कम कर देता हूं ना!" (पुस्तकांनी माणसाचं भलं होतं ते असं.)

"एक दिवस मार खाशील," हे म्हणाले.

मार नाही मिळाला. मटण मिळालं.

प्रज्ञाने लग्न आपलं आपणच जमवलं होतं. मुलगा, सुमित, बदलापूरच्या आगरी घरातला. आम्ही अंबरनाथचे बौद्ध. दोन्हीकडच्या काका-मामांची समजूत काढता काढता पोरीचा जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी सुमितच्या आईवडिलांनी आम्हाला जेवायला बोलावलं. "आई, आज तेवढं नीट वाग हं," प्रज्ञा रिक्षात म्हणाली. मला अर्धवटच ऐकू आलं, कारण माझ्या कानात दक्षिण ध्रुव होता.

जहाज बर्फात अडकून चुरा झालेलं, माणसं उघड्यावर, सोबतीला त्यांची इमानी कुत्री! रिक्षा चिखलोलीपुढे गेली आणि तिकडे खायचं संपलं. इकडे सुमितचं घर आलं. एक बटण काढून पर्समध्ये टाकलं. दुसरंही काढणार होते. पण त्या मुक्या जिवांना अशा वेळी सोडायचं तरी कसं?

सुमितच्या आईने चुलीवर मटण केलं होतं. वासानेच ह्यांचा चेहरा उजळला. ताटं वाढली, घास तोंडात गेले. "कसा झालाय वैनी?" तिने मोठ्या आशेने मला विचारलं.

नेमका तेव्हाच कानातल्या कप्तानाने हुकूम सोडला.

"अगं बाई! कुत्रं मारून शिजवलं!" मी किंचाळले.

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. सुमितच्या काकांना असा ठसका लागला की पाठीत धपाटे घालावे लागले.

"कुनी मारला कुत्रा?" सुमितच्या आईने हातातला डाव टोपात आपटला. "सकालपासून चुलीम्होरं बसलेय मी!"

तिथेच गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण तिकडे ती माणसं... "वर हाडंही चोखतायत, राक्षस मेले!"

सुमितच्या वडिलांच्या तोंडात नळी होती. ती त्यांनी हळूच ताटात ठेवली.

ह्यांनी सारवासारव केली. "मनावर घेऊ नका हो. तिला कधीकधी आवाज ऐकू येतात."

झालं! काकांचा ठसका जागीच थांबला. "आनी पोरीला पन येतात का?"

प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकेक करून तिने वळवलेली माणसं मी दोन वाक्यांत घालवली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कानातलं बटण उपटून ताटाशेजारी ठेवलं. "पुस्तक ऐकत होते," मी म्हटलं. "चूक माझी. पोरीचा काही दोष नाही."

सुमितच्या वडिलांचा विश्वास बसेना. त्यांनी बटण उचललं, टॉवेलला पुसलं आणि स्वतःच्या कानात घातलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आधी भुवया चढल्या, मग तोंड उघडलं, मग डोळे भरले.

"दुसरा बी मारला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कंचा?" काका पुढे सरकले.

"लंगडा. सगल्यात गरीब व्हता."

मग काय! फोन मोठ्याने लावायला सांगितला. पुरुष मंडळी बर्फावर गेली आणि मटणाला कोणी हात लावेना. सुमितची आई एकदा भरल्या टोपाकडे बघे, एकदा माझ्याकडे. माझी मान वर होईना. संध्याकाळी त्या माणसांना सोडवायला बोट आली आणि सुमितचे वडील मांडीवर थाप मारून ओरडले, "सगली वाचली! प्रज्ञाचे आई, लगीन पक्कं!"

सुमितची आई मात्र चकार शब्द बोलली नाही.

ती बोलली थेट सुमितच्या हळदीला. भर मांडवात पंगत बसलेली, ती स्वतः वाढायला आली, माझ्यासमोर थांबली आणि शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घ्या विहीनबाय, बोकड हाय. शिंगं मांडवामागं ठेवलीत. बघून येता?"

अख्खी पंगत हसायला लागली. आणि मी, निवृत्त शिक्षिका, वधूमाय, मान खाली घालून उठले आणि खरोखरच शिंगं बघून आले.