ओठ नसलेले नाटक

माझे शिक्षण ज्यांच्यामुळे झाले ते आमचे आतोबा. आणि त्यांनी एका जागी बसून नाटक ऐकले असे शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. गिरणीत ते मागावर होते. एका जुन्या संगीत नाटकाच्या तबकड्या आणि कर्ण्याचा फोनो त्यांनी हौसेने घेतला होता. सुट्टीच्या दिवशी न्याहारी झाली की प्रयोग लागे. नांदीला उदबत्ती. तबकडीची एक बाजू संपेपर्यंत आतोबा चारदा कर्णा फिरवीत, अंगणात जाऊन "हितनं कसं ऐकू येतंय" ते बघत, आणि सगळा राग सुईवर काढीत. "झिजली बघ! बदल!" नवी लावली तरी तेच.

आत्या चुलीपाशून म्हणे, "अवो, सुईनं काय घोडं मारलंय तुमचं? कान दाखवा की डागदराला!"

"माझ्या कानाला काय धाड भरलीय?"

खरे म्हणजे मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान दरवर्षी थोडे थोडे जात होते, आणि नाटक हातचे सुटते आहे ही धास्ती त्यांना बसू देत नव्हती. गिरणीत कुणालाच काही ऐकू येत नसे. दूरच्या मागावरचा माणूस काय बोलतो ते विणकर ओठांवरून ओळखत. आतोबा त्यात वाकबगार. म्हणून फोनोबद्दल त्यांची तक्रार एकच: "ह्याला एवढं मोठं तोंड हाय, पर ओठ न्हाईत की!"

ते ओठ मी झालो. माझी बी.ए.ची फी आतोबाच भरत, आणि अभ्यासासाठी मी सुट्टीत पुण्याहून त्यांच्याकडे येई. कर्ण्याशेजारी बसून मी राजा, राणी, प्रधान सगळ्यांचे ओठ हलवायचे आणि आतोबांनी येरझारा घालत माझ्याकडे पाहायचे. "राणीसायब, जरा दमानं!" असे मला दटावायचे.

पुढे मी पास झालो आणि नोकरीसाठी नाशिकला आलो. परवा आत्याने शेजाऱ्यांकडून पत्र लिहवून घेतले: "हे फोनो लावतात आणि कर्ण्यावर हात ठेवून गप उभे राहतात. येरझारा बी न्हाईत आता." मी त्याच दिवशी आतोबांना लिहिले:

"ती. आतोबांच्या चरणी साष्टांग नमस्कार. दिवाळीत येतो, तेव्हा नाटक लावू. एक गोष्ट आधीच कबूल करतो. शेवटच्या अंकातली राणीची लांबलचक भाषणे मला कधीच पाठ झाली नाहीत. परीक्षा तोंडावर होती, म्हणून त्या जागी मी इतिहासाची उजळणी करीत असे. लढाया, तह, बादशहांचे मृत्यू, सगळे. तुम्हाला ते ओठांवरून कळले नसेल हे शक्यच नाही. तरी तुम्ही एकदाही टोकले नाही. उलट तिथेच तुमचे डोळे भरून येत. राणीची भाषणे आता मी पाठ केली आहेत. पण तुम्हाला जे हवे असेल, तेच म्हणेन."