त्रेसष्ट टक्के

शाळेतले पाचही कॉम्प्युटर त्रेसष्ट टक्क्यांवर अडकले. लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकायला घेतली की पट्टी नीट पुढे सरकायची, त्रेसष्टला थांबायची आणि काळ्या पडद्यावर एररच्या ओळी सुरू व्हायच्या. बीडहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने एकाही मशीनचा स्क्रू काढला नाही. नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलेत सर. लई जुनी मशीन हायती."

पाचांचे? एकाच आकड्यावर? माझं डोकंच फिरलं. पण त्याला अडवायला माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं, आणि हेडमास्तरांना तर एवढंच हवं होतं. वस्तू भंगारात काढायचा कागद त्यांनी लगेच टाईप करून घेतला. सोमवारी सह्या, मंगळवारी कॉम्प्युटरच्या खोलीत तांदळाची पोती. जिथे शिकवायचं तिथे पोती रचायची यांना भारी हौस!

आमची शाळा नेकनूरच्या पलीकडची. आईबाप ऊसतोडीला गेले की मुली शाळेच्याच वसतिगृहात राहतात. त्या वर्षी ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड चढवता चढवता एका आईने मला विचारलं होतं, "सर, पोरीला कंप्युटर शिकवताल नव्हं?" मी चारचौघांत हो म्हणालो होतो. आता सोमवारी ती खोलीच जाणार होती.

शनिवारी मी रॅम बदलली, केबली बदलल्या, एका मशीनची हार्ड डिस्क दुसऱ्यात घातली. ज्याच्यावरून लिनक्स टाकत होतो तो पेन ड्राइव्ह तेवढा बदलला नाही. तो माझा होता. आमच्या भागात लिनक्स टाकायचं म्हटलं की शिक्षक तोच मागून न्यायचे. त्याच्यावर चिकटपट्टी लावून मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : तपासलेले.

वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या. मी त्यांच्यासमोरच दुरुस्तीवाल्याचा उद्धार करत होतो. कप ठेवून त्या म्हणाल्या,

"पाची तव्यांवर भाकर मोडती म्हणता, तर तवेच कावून बदलताव? पिठाची विरी गेली का, चिकटपणा ऱ्हायलाय का, ते बघा की."

मला रागच आला. यांना काय कळतंय, असं मनात आलंच. तरी त्या गेल्यावर मी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि तपासणी चालवली. मूळ फाईलसोबत एक लांबलचक आकडा येतो, त्याच्याशी कॉपीचा आकडा जुळला पाहिजे. लॅपटॉपवरची फाईल जुळली. पेन ड्राइव्हवरची जुळली नाही.

मग आठवलं. आदल्या वर्षी बीडला प्रशिक्षणात तो पेन ड्राइव्ह नव्याने तयार करत होतो. पट्टी शंभरावर आली, पण लिहिणं आत अजून चालू होतं. ते संपेपर्यंत थांबायचं, हे मीच इतरांना शिकवतो. बाहेर नेकनूरची एसटी लागली होती. मी तो उपटला, खिशात टाकला, आणि गाडीत बसून चिकटपट्टीवर ते 'तपासलेले' लिहिलं. कसलं तपासलेले!

नव्या पेन ड्राइव्हवर कॉपी केली, या वेळी तपासलीही. रविवारी दुपारपर्यंत पाचही कॉम्प्युटर चालू झाले. सोमवारी हेडमास्तरांनी कागद मुकाट्याने ड्रॉवरमध्ये ठेवला. माझा राग मात्र गेला नाही. फक्त तो आता दुरुस्तीवाल्यावर उरला नव्हता.

त्या प्रशिक्षणानंतर लगेच गेवराईकडच्या एका शिक्षकाने तोच पेन ड्राइव्ह नेला होता. तेव्हा त्याचाही फोन आला होता, त्रेसष्टवर अडकतंय म्हणून. त्याची शाळाही ऊसतोडकऱ्यांच्याच पोरांची. मी त्याला फोन लावला आणि घाईघाईने सांगितलं, मशीन चांगली आहेत, नवी कॉपी घेऊन मी स्वतः येतो.



"ती तर कवाच भंगारात गेलती सर," तो म्हणाला. "तुमीच म्हणलं होतं ना, पेन ड्राइव्ह तपासलेला हाय, मशीनच खराब असतील."