तीन खाचांचं बूच

त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर आणि बायकोच्या रागात तेवढं वापरलं जाई. बाकी जग त्यांना चादरमामा म्हणे. बावीस वर्षं ते लोकांच्या गच्च्यांवर सोलरचे बंब बसवत होते आणि निघताना प्रत्येकाला एकच गोष्ट दोनदा सांगत: चार दिवस घर बंद राहणार असेल तर काचेच्या नळ्यांवर जुनी चादर घाला. उन्हाला तुमची सुट्टी कळत नाही. वापरणारं कुणी नसलं तरी ते पाणी तापवतच राहतं.

"नुसती चादर, की अंगाईही म्हणायची?" असं एका घरमालकाने विचारलं होतं. मामा गंभीरपणे म्हणाले, "अंगाई नको. चारी टोकं बांधा."

चादरीइतकाच त्यांचा जीव बंबाच्या डोक्यावरच्या हवेच्या नळीवर. वाफेला बाहेर पडायला तेवढी एकच वाट. ती मधूनच फुसफुसते, थेंब टाकते आणि लोकांना ते खपत नाही. मग कुणी तिच्यात चिंधी कोंबतं, कुणी लाकडाची खुंटी ठोकतं. असा माणूस सापडला की मामा त्याला फैलावर घेत. "तुमच्या नाकातोंडात बोळे कोंबून उन्हात उभं केलं तर चालेल का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं.

स्वतः मामा ती नळी एकदाच बंद करत, नवा बंब बसवल्यावर तासभर, जोड गळतात का ते बघायला. त्यासाठी एक पितळी बूच होतं, कानशीने तीन खाचा मारलेलं. नळीवरून निघालं की ते शर्टाच्या डाव्या खिशात जाई. तीन महिन्यांपूर्वी ते कुठेतरी हरवलं. मामा आठवडाभर चुटपुटले, मग नवं घेतलं.

मुलगी, जावई आणि नात आठ दिवस बाहेरगावी गेली होती. मुलीने नळ्यांवर काही घातलं नव्हतं, कारण ते बाबा बघतील. बाबांनी साऱ्या गिऱ्हाइकांना चादरी बांधायला लावल्या आणि सहाव्या दिवशी भर दुपारी त्यांना स्वतःची मुलगी आठवली.

चादर काखेत घेऊन ते तिच्या घरी गेले. शेजारच्या काकूंनी गच्चीची किल्ली दिली आणि वाळलेले कपडे काढायला मागोमाग निघाल्या. जिना चढता चढता म्हणाल्या, "तुमचा बंब कालपासून घोरतोय हो."

मामा जिन्यातच थबकले. बावीस वर्षांत त्यांनी घोरणारा बंब पाहिला नव्हता.

वर आतून खरोखरच घरघर चालली होती. बाजूचं सपाट पत्र्याचं झाकण फुगलेल्या गालासारखं पुढे आलं होतं. एका काचेच्या नळीच्या रबरी रिंगेतून वाफेची बारीक रेघ सुटली होती. मामांनी वर पाहिलं. हवेच्या नळीवर बूच होतं.

"काकू, खाली जा."

"कपडे काढते की."

"कपडे राहू द्या. दार लावून घ्या."

मग त्यांनी जावयाला फोन लावला. जावई ग्रंथालयात काम करत, हळू बोलत.

"जावईबापू, वरच्या नळीला बूच कुणी लावलं?"

"कुठल्या नळीला, मामा?"

"म्हणजे नळी कुठली तेही ठाऊक नाही आणि हात घातलात. पुस्तकं लावता ना रांगेने, तेवढीच लावा."

"मी गच्चीवर फक्त कपडे वाळत घालायला जातो."

"तुमच्या नाकातोंडात बोळे कोंबून उन्हात उभं केलं तर चालेल का?"

जावई म्हणाले, "नाही चालणार, मामा."

अखेर कुणीतरी उत्तर दिलं होतं. मामांनी फोन बंद केला आणि मान वाकडी करून वर पाहिलं. उन्हात पितळ चमकत होतं. त्यावर तीन खाचा होत्या.

मामांचा हात आपोआप डाव्या खिशाकडे गेला. तीन महिन्यांपूर्वी लेकीकडे हा बंब बसवला, तो दिवस त्यांना आठवला. तास भरायचा होता आणि मुलीने जिन्यातून हाक मारली, "बाबा, चहा गार होतोय." चहा गार होऊ नये म्हणून ते उतरले होते. शिवाय गरम पाणी मागे थंड टाकीत जाऊ नये म्हणून एक जास्तीचा व्हॉल्व्ह त्यांनी लेकीच्या मायेपोटी बसवला होता, जो ते कुणाकडे बसवत नसत. वाट वरूनही बंद, मागूनही बंद. इतके दिवस घरचे रोज नळ उघडत होते, म्हणून निभावलं.

आता बुचाला हात लावायची सोय नव्हती. सोडवताना वाफ तोंडावर आली असती. खालचा नळ उघडावा, तर तिथेही तीच. आणि मग ते त्यांच्या ध्यानात आलं. परवा ही मंडळी परतणार. प्रवासातून आल्यावर या घरात पहिली आंघोळ नातीची. तो नळ तिने उघडला असता.

बाजूने सरकत त्यांनी चादर नळ्यांवर टाकली. चारी टोकं बांधली. मग जिन्याचं दार ओढून ते पायरीवर बसले आणि पत्र्याआडची घरघर ऐकत राहिले. काकूंनी खालून दोनदा विचारलं, "मेकॅनिकला बोलवू का?"

ऊन उतरलं, घरघर थांबली, झाकण जरा आत गेलं. तरीही मामांनी अजून तासभर थांबून, हाताला पोतं गुंडाळून पाना लावला आणि चेहरा दूर ठेवून बूच पाव वळसा फिरवलं. नळीने लांब सुस्कारा सोडला. तो बराच वेळ चालला.

त्यांनी पुन्हा फोन लावला.

"मामा, मी खरंच..." जावई म्हणाले.

"बूच माझं आहे. तीन खाचा आहेत."

फोन मुलीने घेतला. "बाबा, परवा आलो असतो आणि..."

"हो."

"आधी तीच शिरते आंघोळीला."

"हो."

फोन ठेवून मामांनी बूच पूर्ण काढलं आणि डाव्या खिशात टाकलं.

दोन दिवसांनी मंडळी आली तेव्हा मामा दारातच उभे होते. जावयांनी बॅग उंबऱ्यात ठेवली, चपलाही काढल्या नाहीत. "मामा," ते म्हणाले, "आधी ती नळी कुठली ते दाखवा."

मामांनी दाखवली. मग डाव्या खिशातून बूच काढून त्यांच्या हातात ठेवलं.