चार सवा पाच

अख्खं सुरत शहर अहिराणीच बोलतं, फक्त नीट शिकवणारं कुणी न भेटल्यामुळे जराशी बिघडलेली बोलतं, असं मनापासून मानणारी व्यक्ती या भूतलावर एकच आहे आणि ती गोडादऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहते. सगळे तिला जिजी म्हणतात. धुळ्याकडच्या एका खेड्यातून ती नवऱ्याबरोबर इथे आली. नवरा उधन्यात लूमवर लागला, पुढे वारला; मुलगा साड्यांच्या दुकानात मोठा झाला. पण एवढ्या वर्षांत जिजी गुजरातीचा एक शब्द शिकली नाही, कारण गुजराती नावाची वेगळी भाषा आहे हेच तिला मान्य नाही. भाजीवाला ‘ताजुं छे, माजी’ म्हणाला की ती माझ्याकडे वळून हळहळते, “शे म्हनता येत नही बिचाराले.” मग त्याच्याकडून तीनदा ‘शे, शे, शे’, म्हणजे अहिराणीतलं ‘आहे’, म्हणवून घेते आणि तो नीट म्हणाला तरच गिलकी घेते. त्या भाजीवाल्याची अहिराणी आता माझ्यापेक्षा बरी आहे.

तिची दुसरी ठाम समजूत तापीबद्दल. तापी खानदेशातून सुरतेला येते हे भूगोलाच्या पुस्तकातही आहे. पण ती जिजीच्या माहेरचा निरोप घेऊन येते, हे फक्त जिजीला ठाऊक आहे. महिन्यातून एकदा ती मुलाच्या स्कूटरवर मागे बसून नदीकाठी जाते. पाणी नितळ असलं तर भाऊ सुखात आहे. गढूळ असलं तर “माहेरमा कोनी तरी रडी ऱ्हायनं,” म्हणून दिवसभर जेवत नाही. आणि पाणीच कमी असलं, तर सगळा दोष उकाईच्या धरणाचा. “तठे अडावतस तिले. इचारपूस करतस,” असं ती इतक्या तिरस्काराने सांगते, की धरणावर पोलीस बसवले असावेत असं वाटावं.

आमच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या, आणि चारही खोल्यांत एकेकटे पुरुष. मी हिंगोलीचा, इथल्या मराठी शाळेत गणिताचा मास्तर; बायकोची नोकरी तिकडे, म्हणून मी इकडे एकटा. शेजारी लूमवर काम करणारा ओडिया भाऊ, त्यापलीकडे जरीकाम करणारा उत्तर प्रदेशचा भैया आणि कोपऱ्यात यवतमाळचा टेम्पोवाला. नवा भाडेकरू आला की जिजी जिन्यातच पाट टाकून बसते आणि “कथाईन उनात?” म्हणजे कुठून आलात, इथपासून सुरू करून त्याची सात पिढ्यांची माहिती काढते. तोंडी लावायला शेवभाजी असते, आणि ती इतकी जहाल, की माणूस पाण्यासाठी खरं बोलून टाकतो. एवढ्यावर सुटका नाही. श्रावणात तिच्याकडे कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, बसते, तेव्हा त्या सगळ्या माहितीची गाणी होतात. मी सुरतेला आलो त्या दिवशी छत्री गाडीतच विसरलो होतो, एवढंच मी तिला बोलून बसलो होतो. पुढच्या श्रावणात पन्नास बायकांनी टाळ्यांच्या तालावर गायलं:

हिंगोलीना मास्तर उना, छत्री इसरना गाडीमा,
पाढा म्हनस पावसामा, वला व्हस गल्लीमा!

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पाऊल टाकण्याआधी ते गाणं तिथे पोचलं होतं.

कानबाईच्या दिवशी कुणाला मोकळं बसू देणं तिच्या स्वभावात नाही. ओडिया भाऊ तांदळाच्या पिठीने उंबऱ्यावर त्याच्या गावाकडची वेलबुट्टी काढतो, भैया जरीचे उरलेले तुकडे देवीच्या मखराला लावतो, टेम्पोवाला केळीचे खांब आणतो. मला मात्र ती काहीच सांगत नाही. “मास्तर, तुम्ही निसता उभा ऱ्हा,” एवढंच. पहिल्या वर्षी मी काढलेली तोरणाची मापं चुकली होती.

कानबाईचा नैवेद्य म्हणजे रोट, गव्हाच्या जाड पोळ्या. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घ्यायचे, जिजीकडे सव्वा ओंजळ. त्याचे रोट करायचे, ते भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ज्याच्या नावचा रोट उरेल त्याला वर्ष जड जातं, असं जिजीच्या सासूने तिला बजावलं होतं. तिच्या भाऊबंदकीत उधना-भेस्तान धरून पुरुष अकरा. पहिल्याच वर्षी मोजणी पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, “जिजी, अकरा सवा पावणेचौदा. तुम्ही पावणेएकोणीस ओंजळी घेतल्यात. पाच जास्त.”

“तुमनी शाळामा तसं ऱ्हात व्हई,” ती म्हणाली आणि मूठभर गहूही परत टाकला नाही. उलट मलाच विचारलं, “मास्तर, गावले तुमना नावना गहू कोन मोजस?”

“आमच्याकडे ही पद्धत नाही, जिजी.”

“मंग तुमले कोन मोजस?”

मी हसलो. तेव्हा मला तो तिचा आणखी एक विक्षिप्तपणा वाटला.

ही पाच ओंजळींची चूक ती दरवर्षी करायची आणि त्याची शिक्षा भोगायचे तिचे थोरले दीर. सगळे रोट संपेपर्यंत जिजी कुणाला हलू द्यायची नाही. “खा, खा,” म्हणत डोक्यावर उभी. थोरले दीर पोटावर हात फिरवत माझ्याकडे पाहून म्हणायचे, “मास्तर, हिले जरा बेरीज शिकाडा हो.” आणि रोटाला परक्याचा हात लागता कामा नये, हा कडक नियमही त्यांचाच, त्यामुळे आम्हा वरच्यांच्या वाट्याला फक्त वास यायचा.

मागच्याच्या मागच्या वर्षी मात्र घोटाळा झाला. गहू मोजून, दळून, रोट भाजून झाले आणि फोन आला, की थोरल्या दिरांनी या वेळी कानबाई गावीच बसवली आहे आणि सगळी भाऊबंदकी तिकडे गेली आहे. इथे खाणारी तोंडं दोन, जिजी आणि तिचा मुलगा. पौर्णिमेला चार दिवस. मी शाळेतून आलो तेव्हा जिजी रोटांच्या पाटीसमोर गप्प बसली होती. जिजी गप्प! मुलगा डोक्याला हात लावून म्हणत होता, “माय, आटलुं बधुं कोण खाशे?” आणि जिजीने त्याची अहिराणी सुधारलीसुद्धा नाही.

नकार येणार हे गृहीत धरून मी आपला म्हणालो, “जिजी, आम्ही चौघं खाल्लं असतं. पण आम्ही पडलो परके.”

तिने मान वर केली. डोळे भरलेले होते. माझ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, “पाच ओंजया तुमन्याच शेतीस, मास्तर. दर सालन्या.”

मी गणिताचा मास्तर. मुलांकडून सवायकीचा पाढा घोकून घेतो: एक सवा सवा, दोन सवा अडीच, तीन सवा पावणेचार, चार सवा पाच. आणि त्या पाच ओंजळींना सव्वाने भागायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं! वरच्या चार खोल्या, चार माणसं. आम्हाला कुणी मोजत नाही म्हणून ती मोजत होती. आणि दिरांच्या धाकाने आम्हाला देता येत नाही, पण आमच्या नावचं उरता कामा नये, म्हणून अकरा जणांना पंधरा जणांचं खाऊ घालत होती. थोरल्या दिरांची सगळी पोटदुखी आमच्या रक्षणासाठी होती. टेम्पोवाला जिन्यात उभा राहून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, “मास्तर, आपुन तं कवाचेच मोजल्या गेलो ना भाऊ!”

मग आम्ही चौघं बसलो. जिजीच्या मुलाने दूध आणलं. भैयाने पहिल्याच बैठकीत सात रोट संपवले. ओडिया भाऊ रोट खाता खाता आईच्या हातच्या ‘पिठा’ची, तिकडच्या तांदळाच्या पक्वान्नाची, गोष्ट सांगत राहिला. हिंगोलीहून बायकोचा फोन आला, सगळं ऐकून ती म्हणाली, “आणि बायकांचं कोण मोजतं, विचारा त्यांना.” जिजीने फोन हातात घेऊन सांगितलं, “बाया ओंजय भरतीस, पोरी. त्यासले कोन मोजी?” पौर्णिमेच्या आदल्या दुपारी शेवटचा रोट संपला. जिजी तडक नदीवर गेली आणि ‘सरनात व माय’ असं तापीला कळवून आली. परत येऊन तिने पहिलं काम केलं ते मुलाचं ‘आटलुं बधुं’ सुधारण्याचं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

थोरल्या दिरांना तिने पुढच्या वर्षी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “आधी सांगती ना, बाई!” आणि आम्हा वरच्यांना पंगतीत जागा करून दिली.

गेल्या वर्षी ओडिया भाऊ त्याच्या गावी परत गेला. लूम बंद झाले, आईही म्हातारी होती. श्रावणात जिजी ओंजळी भरायला बसली आणि नेहमीप्रमाणे पावणेएकोणीस झाल्या. मी म्हटलं, “जिजी, आता तीन सवा पावणेचार.”

“गया म्हनजे का सरना?” ती म्हणाली.

त्याच्या वाटचे रोट आता आम्ही तिघं खातो. पोट दुखतं, पण पौर्णिमेच्या आत संपवतो.