दगूकाकांचा प्रश्न

अपील झालं की दगूकाका बोट वर करत नसत. डोक्यावरचा रुमाल सारखा करून ते चालत बॅट्समनपाशी जायचे आणि विचारायचे, "लागला का रे?" तो सांगेल तोच निकाल.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते कोळसा विभागात होते, रविवारी कॉलनीच्या मैदानावर अंपायर. गोऱ्यांचा हा खेळ आमच्यापर्यंत येता येता लेदरचा बॉल जाऊन टेनिसचा आला, त्यावर वायरमनची काळी टेप चढली, पॅड गेले. बॉल क्वार्टरच्या पत्र्यावर पडला तर आऊट, कारण आत रात्रपाळीची माणसं झोपलेली. बॅट्समनला विचारायचं, ही भर मात्र काकांची.

"सायबाचा अंपायर कानावर चालतो. माझे कान त्या कन्व्हेअरनं खाल्ले. मग ज्याच्या हातात बॅट, त्यालाच इचारायचं."

"आणि तो खोटं बोलला तर?" मी एकदा विचारलं.

"बोलून किती खेळंल? दोन ओव्हर?"

फायनल होती, कोळसा विरुद्ध टर्बाइन. मी काकांच्याच विभागातला, नुकताच कायम झालेला. शेवटच्या ओव्हरला बॉल माझ्या बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात गेला. काका आले.

"लागला का रे?"

"नाही काका."

"मग नाय."

पुढच्याच बॉलवर मी चौकार मारला. आम्ही जिंकलो.

"दगूभाऊ, आपल्या खात्याचा माणूस असला की बहिरेपण लय कामाला येतं हां!" टर्बाइनवाला एकजण ओरडला. लोक हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधत बसलो.

पुढच्या रविवारी ते आले, पण भिंतीपाशी बसून राहिले. नवा अंपायर बोट वर करायचा. त्यानंतर आमच्या मैदानावर बॅट्समनला कोणी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर ते सिन्नरकडे गावी राहायला गेले. दोन वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या बाजारात मेथी विकताना दिसले. कानात मशीन होतं.

"आता समदं ऐकू येतं," जुडी बांधता बांधता ते म्हणाले. मग वर न बघता, "तो बॉल लागला व्हता का रे?"

"नाही काका."

"मग बरं. लोक बोलले, तवापासून मलाच शंका यायची."

त्यांनी माझ्या पिशवीत एक जुडी जास्त घातली.

या उन्हाळ्यात काका गेले. दहाव्याला मी मागे उभा राहिलो आणि तसाच परतलो.

टर्बाइनवाल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर बॉल लागला होता. काकांनी विचारलं होतं. सांगायचं होतं मी.