बूच लावून जाणारा चोर

शहरातले पितळी नळ चोरीला जाऊ लागले तेव्हा सगळ्यांत आधी बरे दिवस आले ते प्लंबरला. शाळा, दवाखाना, वाचनालय, जिथे म्हणून नळाला कुणी वाली नव्हता तिथून नळ जायचे आणि सकाळी प्लंबरला फोन यायचा. साठीला टेकलेला हा माणूस पूर्वी कामासाठी लोकांच्या नाकदुऱ्या काढायचा. आता लोक त्याच्या काढायला लागले. नळ कोण नेतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. नशेची पावडर ओढणारी पोरं. नळाचं भंगार व्हायचं, भंगाराची पावडर व्हायची आणि शाळेतली मुलं घरून पाण्याच्या बाटल्या आणायची. वाचनालयाने रखवालदार नेमला, त्याचा पगार भागवायला नवी पुस्तकं घेणं बंद केलं. आता रखवालदार दिवसभर जुनी पुस्तकं वाचतो. निदान एक वाचक तरी वाढला.

या चोरांत एक चोर मात्र जगावेगळा होता. तो आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, मग नळ काढायचा, उघड्या पाइपला प्लास्टिकचं बूच लावायचा आणि व्हॉल्व्ह पुन्हा सुरू करून जायचा. बाकीच्या नळांचं पाणी अडू नये म्हणून. शाळेच्या मुख्याध्यापिका तर त्याच्यावर खूश होत्या.

"चोर असावा तर असा. एक थेंब वाया घालवला नाही हो मेल्याने!"

प्लंबरने बूच फिरवून काढलं. आट्यांवर पांढऱ्या टेपचे पाच वेढे, शेवटचं टोक अंगठ्याने दाबून बसवलेलं. ते त्याने खिशात टाकलं.

"हो, हात सफाईदार आहे," तो म्हणाला.

सफाईदार असणारच. त्यानेच तो घडवला होता. नळ काढला की आधी बूच, मग बाकीच्या गप्पा, हे त्याने आपल्या मुलाला इतक्यांदा ऐकवलं होतं की पोरगं झोपेतसुद्धा बूच शोधत असेल. नुसतं बोट फिरवून पाइपचं माप सांगायचा तो. गिऱ्हाइकं बापाला सोडून "तुमच्या मुलालाच पाठवा" म्हणायला लागली. बापाला त्याचा राग यायचा आणि तोच किस्सा तो चारचौघांत रंगवून सांगायचा.

मग कुठल्याशा बांधकामावर पोराला पावडर भेटली. आधी कामाला उशीर, मग खोटं बोलणं, मग घरातून मोठा पाना गेला, मग लहान, मग ड्रिल मशीन. ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडची माणसं आली आणि चहाला नको म्हणून गेली. शेजाऱ्यांच्या चपला दाराबाहेरून आत गेल्या. दोनदा उपचार केंद्रात ठेवला, दोन्ही वेळा तो वजन वाढवून आला आणि महिन्याभरात उतरवून बसला. आठ महिन्यांपूर्वी घरातून निघाला तो गेलाच. बाप पुलाखाली हिंडला, पडक्या गोदामांत हिंडला, नाही नाही त्या माणसांना दादा-बाबा करून आला. पोराचा पत्ता नाही.

आणि आता हे बूच. त्या संध्याकाळी बायकोने रोजच्यासारखं विचारलं, "काही कळलं का हो?"

"बरा आहे," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कानावर आलं."

त्या दिवशी दोघं पोटभर जेवली. पुढे पंधरा-वीस दिवसांनी कुठेतरी नळ जायचा, पाइपला बूच असायचं आणि घरी 'बरा आहे' जायचं. प्लंबर चोरीची वाट बघू लागला. त्याची त्याला लाज वाटायची, चांगलीच वाटायची. पण नवा नळ बसवताना तो पितळीच घ्या म्हणून अडून बसायचा. प्लास्टिकच्या नळासाठी पोरगा कशाला येईल?

लहान मुलांच्या दवाखान्यातही तसंच झालं. सिस्टर म्हणत होत्या प्लास्टिकचा बसवा. याने पितळी नळाचे असे गुण गायले की त्या पितळीला तयार झाल्या.

महिन्याभराने एका सकाळी सिस्टरांचा फोन आला. प्लंबर पोचला तेव्हा दवाखान्यात घोटाभर पाणी होतं. लसींचा फ्रिज पाण्यात बंद पडला होता, लसी फुकट गेल्या होत्या, आणि तान्ही मुलं घेऊन आलेल्या बायकांना सिस्टर दारातूनच परत पाठवत होत्या. पाइपचं तोंड उघडं, पाणी धो धो वाहत होतं. बूच नव्हतं.

हा आपला नव्हे, असं वाटून त्याला हायसं वाटलं. मग आपला नव्हे तर आपला कुठे आहे, हा विचार आला. तो व्हॉल्व्हपाशी वाकला. चाकाला पकड यावी म्हणून कुणीतरी फडकं गुंडाळलं होतं. ही युक्तीही त्याचीच. चाक जेमतेम पाव फेरा फिरलं होतं. त्याने हात लावला तर ते सहज फिरत गेलं आणि पाणी थांबलं. खाली पाण्यात बूच तरंगत होतं. टेपचे पाच वेढे, टोक दाबलेलं.

पोराने सगळी तयारी केली होती. चाक फिरवायला मनगटात जोर उरला नव्हता.

प्लंबर तिथेच पाण्यात बसला. पितळी नळ आपणच इथे बसवून घेतला, हे त्याला आता एकदम कळलं.

"मिस्त्री, बरं वाटत नाही का?" सिस्टरांनी विचारलं.

"सिस्टर, पोलिसांत तक्रार द्यायची ना? चला. चोराचं नाव मला माहीत आहे."

दुपारी तो घरी आला. बायकोने विचारायच्या आतच त्याने सगळं सांगून टाकलं. बूच, टेप, पितळी नळ, फडकं, दवाखाना.

"तक्रारीत नाव दिलंय त्याचं. मला सापडत नाही तो. त्यांना तरी सापडेल."

ती रडेल, निदान शिव्या तरी देईल, असं त्याला वाटलं होतं.

"फोटो मागितला असेल ना त्यांनी?" तिने विचारलं.

"दिला. पाकिटातला."

"अहो, तो लग्न ठरलं तेव्हाचा. त्यात गाल आहेत त्याचे. त्यावरून कसे ओळखतील ते?"

त्याच्याजवळ दुसरा फोटो नव्हता. घरातही नव्हता. ती पदर नीट करत उठली.

"चला, मला घेऊन चला तिथे. डोळे माझे घेतलेत त्याने. माझ्याकडे बघून शोधा म्हणावं."