एकच गुडघा सुजला तेव्हा

डॉक्टरबेननी माझ्या गुडघ्यातून सुई काढली आणि सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली. गुडघ्यातलं पाणी मी आधीही पाहिलं होतं, ते पातळ असायचं. हे पिवळट होतं, दाट आणि गढूळ.

"मंगलाबेन, आ वा नथी," त्या म्हणाल्या. "अंदर परु छे."

हा वात नाही, आत पू आहे. सुरतेत इतकी वर्षं काढल्यावर एवढं गुजराती मला कळत होतं. तरी मी माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली, तेव्हा खरं वाटलं.

त्या आजाराचं नाव सेप्टिक आर्थ्रायटिस. म्हणजे सांध्यात जंतू शिरून पू होणे. मला आधीपासून रूमॅटॉइड आर्थ्रायटिस होता, ज्याला आपण आमवात म्हणतो. हा असा संसर्ग आमवाताच्या माणसाला इतरांपेक्षा सहज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही अमळनेरकडचे. सुरतेत नवागामला राहायचो. हे बमरोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जायचे आणि मी घरी साड्यांना लेस लावायचे. दुसऱ्या मुलीनंतर बोटं आखडू लागली. सकाळी मुठी मिटायच्या नाहीत, मुलींच्या वेण्या घालता यायच्या नाहीत. मोठ्या सरकारी दवाखान्यात आमवात निघाला. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची पिवळी गोळी आणि रोजची स्टिरॉइडची छोटी गोळी सुरू झाली. हात बरे चालू लागले.

गुडघ्याचं हे झालं सुरतेत प्लेगची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी. थंडीचे दिवस होते. पायाच्या वाकड्या झालेल्या बोटाला चप्पल घासून फोड आला, फुटला, चिघळला. मी हळद लावली आणि कामाला लागले. मग डावा गुडघा सुजला.

मला वाटलं, वातच उठला. दुसरं काय वाटणार? ताप नव्हता. गल्लीतल्या डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, थोडं उतरलं, पुन्हा चढलं. पुन्हा गेले तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "आता इथे थांबू नका, मोठ्या दवाखान्यात जा." मी म्हटलं, सोमवारी ओपीडीचा दिवस आहे, तेव्हा जाऊ.

त्या दुपारी साडीच्या गठ्ठ्याला गाठ मारताना मला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. हे नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांनी एका हाताने एक गुडघा धरला, दुसऱ्याने दुसरा.

"हा थंड आहे," ते म्हणाले, "आणि हा तव्यासारखा तापलाय. वात आला तर दोन्हीकडे येतो ना तुला? मग हा एकटाच कसा?"

सोमवारची वाट न पाहता त्यांनी रिक्षा आणली. म्हणून आज गुडघा आहे.

सिरिंजमधला पू तपासायला गेला आणि मला ऑपरेशनला घेतलं. गुडघा उघडून आतून धुतला. शुद्धीवर आले तेव्हा पाय लाकडी पट्टीला बांधलेला होता, हातात सलाइन, आणि उशाशी आत्या बसलेल्या. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. माझ्या केसांत तेल लावायला त्यांनी बाटली काढली आणि सिस्टर ओरडल्या म्हणून परत पिशवीत ठेवली.

कल्चरच्या रिपोर्टची वाट पाहणं सगळ्यांत कठीण गेलं. कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघतात, कोणता आहे आणि कोणत्या औषधाने मरतो. तोवर अंदाजाने अँटिबायोटिक चालू होतं. रिपोर्ट आला, औषध बदललं, आणि हळूहळू गुडघ्याची आग उतरली.

पण संसर्गामुळे मेथोट्रेक्सेट बंद केलं होतं. त्यामुळे बाकीचे सांधे जागे झाले. मनगटं फुगली. चहाचा कप धरवेना. आत्या मला घास भरवायच्या, आणि मी लहान मुलीसारखं तोंड उघडायचे. रडू यायचं ते दुखण्याचं नव्हतं.

एकदा डॉक्टरबेन राउंडला आल्या तेव्हा आत्यांनी माझ्या गोळ्यांची पिशवीच त्यांच्यापुढे धरली आणि मला म्हणाल्या, "त्या गोया फेकी दे माय! तेन्हामुयेच हाई समदं व्हयनं."

डॉक्टरबेननी अहिराणी समजून घ्यायला यांच्याकडे पाहिलं. गोळ्यांमुळेच हे सगळं झालं, त्या फेकून दे, असं आई म्हणते, हे यांनी सांगितल्यावर त्या खाटेच्या कडेला बसल्या. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलत त्यांनी समजावलं. शरीराची रोगाशी लढायची ताकद या आजारात स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. औषध ती ताकद आवरतं, म्हणून सांधे वाचतात, पण मग जंतूंनाही फावतं. नुसत्या औषधामुळेच नाही, आजारामुळेही धोका असतो. खराब झालेल्या सांध्यात जंतू लवकर घर करतात. आणि स्टिरॉइड ताप झाकून टाकतं, म्हणून मला ताप आलाच नाही.

"मग बंदच करा की," आत्या म्हणाल्या.

"स्टिरॉइड एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल, माँजी. आणि दुसरी गोळी कायमची बंद केली, तर हे बघा." त्यांनी माझं सुजलेलं मनगट अलगद उचलून आत्यांच्या हातात ठेवलं. "हे हात जातील."

आत्या बराच वेळ मनगट तसंच धरून बसल्या.

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाला. गुडघा वाकवताना मी उशी दातात धरायचे. आधी भिंत धरून, मग यांचा खांदा धरून, मग एकटी. जखम भरली, अँटिबायोटिक संपलं, रक्त तपासलं. मग डॉक्टरबेन म्हणाल्या, पिवळी गोळी परत सुरू करू, आणि स्टिरॉइड हळूहळू कमी करू.

मी विचारलं, "परत तसंच झालं तर?"

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "होणारच नाही असं मी कसं सांगू? पण आता तुम्हाला ओळखता येईल. एकच सांधा जास्त सुजला, गरम झाला, थंडी वाजली, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही. ताप नसला तरी यायचं. पायाला चीर पडली तरी दाखवायची."

त्या खरं बोलल्या, म्हणून मला धीर आला. गोळी घेतली.

आता मी बंद चप्पल घालते आणि आंघोळीनंतर पायाची बोटं तपासते. स्वतःच्या मनाने गोळी सोडत नाही आणि वाढवतही नाही. कोणत्याही डॉक्टरकडे गेले तरी आधी सांगते, मी ही औषधं घेते. तुम्हीही एवढं करा. घाबरून राहायचं नाही, फक्त उशीर करायचा नाही.

त्या डॉक्टरबेन, ओरडणाऱ्या सिस्टर आणि सोमवारची वाट न पाहणारा माझा नवरा, यांचे उपकार फिटणारे नाहीत.

उन्हाळा लागला तेव्हा मुठी मिटू लागल्या. एका सकाळी मी कोणाला न सांगता परात घेतली, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मळलं आणि दोन्ही हातांनी भाकरी थापली. जरा जाड झाली, कडेला चिरली. पहिली आत्यांना वाढली. त्यांनी तुकडा मोडला, चावला, आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी शे."

आजारी बाईच्या हातच्या भाकरीला कोणी नावं ठेवत नाही. मी हसत दुसरी थापायला घेतली.